दुसरं उचलावंसं वाटतं का?

…नाही, नाही, आधी मला एक सांगा, दारावर कागद चिकटवायला काय लागतं? अक्कल लागते? डिंक लागतो, डिंक! आणि तो डिंक लावून कागद चिकटवला कुठे, तर माझ्या खोलीच्या दारावर, बरोब्बर माझ्या नाकासमोर! वर एक सफरचंद काढलंय, त्या सफरचंदाला दात काढलेत, ते हसतंय, कुणाला हसतंय देव जाणे, आणि खाली ही एवढाली लाल अक्षरं… ‘हात तुमचा, तोंड तुमचं, जबाबदारी तुमची!’ बरं, दुसऱ्या कुणाच्या दारावर लावा ना! हिशेबवाल्यांच्या लावा, गोदामावर लावा, मोठ्या साहेबांच्या केबिनला लावा! नाही! माझ्याच! आणि मी कोण? तुम्हाला सांगतो मी कोण. मी बिस्किटांच्या कारखान्यात बिस्किटं खाणारा माणूस. चोरून नव्हे हो, पगार घेऊन!

हसू नका. काम आहे ते. पीठ मळणारा मळतो, भट्टीवाला भाजतो, आणि मी खातो. सगळा कारखाना मला ‘जीभ’ म्हणतो. ‘जीभ आली का रे?’ ‘आज जिभेला सर्दी झालीये, माल अडकला!’ ‘जिभेला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही!’ माझं खरं नाव पगाराच्या पाकिटावर असतं, ते वाचून मलाच क्षणभर वाटतं, हे कुणाचं पाकीट माझ्याकडे आलं? आणि आमच्या हिला कुणी विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात, तर ती बिचारी पदर सावरत सांगते, ‘तपासणीला असतात.’ कसली तपासणी ते सांगत नाही. माझ्याकडे बघितलं की लोकांना कळतंच.

माझी खोली म्हणजे काय, एक टेबल, एक खुर्ची, पाण्याचा पेला आणि वर लाल दिवा. लाल का, तर बिस्किटाचा रंग दिसू नये, डोळ्यांनी जिभेला फितवू नये म्हणून. समोरच्या भिंतीत एक छोटी झडप. झडपेच्या पलीकडे नमुन्याची भट्टी आणि तिच्याजवळ काडी. काडी म्हणजे नमुने भाजणारा आमचा माणूस, अंगाने असा की आडवा वळला तर हजेरीत गैरहजर लागतो. झडप वर, बशी आत, झडप खाली. मी बिस्कीट मोडायचं, आवाज ऐकायचा, चावायचं, गिळायचं, थांबायचं. आणि मग एकच प्रश्न… ‘दुसरं उचलावंसं वाटतं का?’ बास! अंगाला लागतं का, पोट भरतं का, रक्ताचं काय होतं, कोण विचारतंय? मी मनात काही न आणता गप बसायचं आणि आपल्याच हाताकडे बघायचं. हात आपणहून बशीकडे गेला, पास! नाही गेला, नापास. मग साखर वाढवा, लोणी वाढवा, मिठाचा कण टाका, पुन्हा भाजा, पुन्हा बशी… हात जाईपर्यंत! म्हणजे बघा हं, ज्या कारखान्यात हात आपणहून जावा म्हणून मला पगार मिळतो, त्याच कारखान्याने माझ्याच दारावर लिहायचं, हात तुमचा, तोंड तुमचं, जबाबदारी तुमची! तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होईल?

हे सगळं आणलं आरोग्यबाईंनी. कारखान्यात लोक फुगत चाललेत, गुडघे दुखतायत, रक्तदाब वाढलेत, रजा वाढल्यात, म्हणून वरच्यांनी नेमलेल्या. पायात धावायचे बूट, हातात पाण्याची बाटली, आणि बोलताना दर वाक्याला टाळी! सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं आणि सुरू… ‘मित्रांनो! आज घरोघरी लठ्ठपणा वाढतोय! (टाळी!) का वाढतोय? कारण आपण स्वतःला एक साधा प्रश्न विचारत नाही! (टाळी!) मला खरंच भूक लागलीये का?’ आता तुम्हीच सांगा, मी काय उत्तर देऊ? बाई, या नोकरीला लागल्यापासून भूक म्हणजे काय असतं हे मी लोकांकडून ऐकतो! मी तसं म्हणालो नाही, तोंड आवरलं. पुढे म्हणाल्या, ‘खावंसं वाटलं ना, की काय करायचं? डोळे मिटायचे आणि दीर्घ श्वास घ्यायचा!’ घेतला. सगळ्या कारखान्याने एकदम घेतला. आणि शेजारच्या भट्टीतून त्याच वेळेला ताजा घाणा बाहेर आला होता हो! लोणी, साखर, भाजलेल्या पिठाचा तो वास, छाती भरून आत! डोळे उघडले तेव्हा निम्मी माणसं बिस्किटांच्या ताटाभोवती उभी होती. चहाबरोबर ताट कुणी ठेवलं? कंपनीने! पण जबाबदारी? तुमची!

मग वजनं. घरात असतो तसला छोटा काटा आणला होता. मी चढलो. सुई निघाली, गरगर फिरली, फेरी पूर्ण करून पुन्हा सुरुवातीपाशी आली आणि दमून थांबली. काडी मागून ओरडला, ‘अहो, जीभसाहेब माझ्यापेक्षा हलके भरले!’ हशा. मग काय, मला नेलं माल पाठवायच्या विभागात, खोक्यांच्या काट्यावर! लोखंडी, जमिनीत बसवलेला, त्यावर खोकी चढतात, वजन होतं, आणि तिथला कारकून सवयीने खोक्यावर चिठ्ठी मारतो. मी चढलो, वजन झालं, मी उतरलो… आणि त्या गाढवाने सवयीने माझ्या पाठीवर चिठ्ठी मारली! मला पत्ताच नाही. दिवसभर लोक दार धरतायत, बाजूला होतायत, मला वाटलं, चला, काही तरी मान वाढला. घरी गेल्यावर हिने पाठ बघितली. ‘नाजूक माल. आपटू नये.’ आणि ही काय म्हणाली? ‘काढू नका, शेजारच्यांना वाचू दे.’

पण चेष्टा तिथे संपली. आरोग्यबाईंनी मला एकट्याला बोलावलं, आवाज खाली आणला, टाळी नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलंय, साखर अगदी काठावर आहे, एक पाऊल पुढे टाकलं की आत. ‘पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरायला हवं. नाही उतरलं तर तुम्हाला चवखोलीत ठेवणं आम्हाला शक्य नाही. पॅकिंगला जावं लागेल. तुमच्या भल्यासाठीच हं!’ म्हणजे माझी खुर्ची जाणार! माझे केस त्या लाल दिव्याखाली गेले, डोळे बांधून दिलं तरी कुठल्या भट्टीतलं बिस्कीट आहे ते सांगतो मी, आणि मी काय चिकटपट्ट्या मारायला जाऊ? मी म्हटलं, ‘बाई, मी हौसेने खात नाही, कामाचं खातो.’ तर म्हणतात, ‘मग थुंका ना!’ अहो, थुंका काय थुंका! बिस्किटाची खरी परीक्षा गिळल्यावर असते. चावताना सगळीच गोड बोलतात. गिळलं, की घशात मागे काय राहतं, टाळूला काय चिकटतं आणि तेवढ्यात हात हलतो का, ते बघायचं असतं. थुंकलं तर हाताला कळणार कसं? बाई म्हणाल्या, ‘ते मला माहीत नाही. शेवटी हात तुमचा…’ मी म्हटलं, ‘कळलं, कळलं, दारावर आहे!’

बरं, कारखान्यात हे. घरी काय असेल म्हणता? घरी तुकडा! आमच्याकडे दर आठवड्याला प्रत्येक कामगाराला फुटक्या बिस्किटांची एक पिशवी मिळते, फुकट. तिला सगळे तुकडा म्हणतात. आणि तुकड्याची एक गंमत तुम्हाला सांगतो, फुटलेलं बिस्कीट खाल्लं तर ते कुणीही मोजत नाही. अख्खं बिस्कीट खाताना माणूस लाजतो, ‘नको, एकच पुरे.’ पण तुकडा? ‘एवढा तुकडाच तर आहे!’ असं म्हणत म्हणत पिशवीचा तळ लागतो. डबा ओट्यावर. ही येता जाता एक टाकते, ‘तुकडाच तर आहे.’ शेजारीण वाटी मागायला येते, बोलता बोलता डब्यात हात, ‘तुकडाच तर आहे.’ आणि आमचे सासरे! मुक्कामाला आलेत, केव्हा जाणार हे विचारायची माझी छाती नाही. अंगाने सडसडीत, काय खातात ते कुठे जातं कळत नाही. माझ्या वजनाचं ऐकलं आणि खुर्चीत सरळ बसले… ‘जावईबापू, मनावर ताबा हवा, ताबा! आमच्या वेळी कुठे होतं असलं जाडबिड? मनाने नाही म्हटलं की नाही!’ आणि हे सांगत असताना त्यांचा हात काय करतोय? डब्यात जातोय, तुकडा उचलतोय, चहात बुडवतोय, तोंडात. ‘ताबा!’ पुन्हा डब्यात. ‘मनाने ठरवायचं!’ पुन्हा चहात. मी हाताकडेच बघणार ना हो, माझा धंदा आहे तो! मनात म्हटलं, पास. शंभर टक्के पास.

आणि बाहेर? बाहेर तरी कोण सोडतंय? तुम्ही दुकानात जा. साबण घ्यायला जा, साबण! पैसे द्यायच्या जागी रांगेत उभं करतात, आणि उभं केल्यावर डाव्या हाताला काय? आमची राणी! राणी म्हणजे आमचं सगळ्यात जास्त खपणारं बिस्कीट, गोल, वर साखरेचे दाणे. ती कुठल्या फळीवर ठेवलेली असते? तुमच्या माझ्या डोळ्यांसमोर नाही, खाली, कमरेएवढ्या फळीवर, जिथे पोरांचं नाक येतं! चुकून ठेवलीये? आमची विक्रीची माणसं मोजपट्टी घेऊन फिरतात हो! आणि मी ते रक्त तपासायला पुन्हा दवाखान्यात गेलो, बसा म्हणाले, बसलो, समोर काचेचं यंत्र, आत रांगेने राणी! नाणं टाका, पुडा खाली! आत डॉक्टर सांगणार सोडा, बाहेर यंत्र सांगणार घ्या, आणि मधल्या बाकावर मी! ताजी भाजी घ्यायची तर बाजार गावाच्या त्या टोकाला, ही कामावरून सुटेपर्यंत तो मिटलेला, आणि राणी मात्र प्रत्येक कोपऱ्यावर, टपरीवर, पेट्रोल भरता तिथे, औषधं घेता तिथेसुद्धा! काय चाललंय काय? सगळ्या गावाने मिळून माणसाला चारही बाजूंनी घेरायचं, तोंडाशी बशी धरायची, आणि त्याने तोंड उघडलं रे उघडलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं… जबाबदारी तुमची!

तरीसुद्धा, खरं सांगतो, माझ्या एकट्याचं असतं ना, तर मी चिडलो असतो, बोंब मारली असती आणि तसाच फुगत पॅकिंगला गेलो असतो. पण आमची चिमणी… लेक माझी. लाडाने चिमणी म्हणतो, पण अंगाने माझ्यावर गेलीये, काय करणार. एक दिवस शाळेतून आली ती दप्तर टाकून आत. जेवायला ये, नाही. बोल तरी, नाही. रात्रीचं ताट तसंच. शेवटी हिने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. खेळाच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर वजन केलं, आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, ‘अगं, जिभेवर जरा ताबा ठेवायला काय होतं?’ पोरी हसल्या. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तीच म्हणाली, ‘बाबा, मी रोज ठरवते. खरंच ठरवते, एकच खायचं. पण हात जातो.’

हात जातो! अहो, दुसरा कुठला शब्द तिला सापडला नाही? ती राणीबद्दल बोलत होती, आणि राणीत मिठाचा तो कण टाकायला कुणी सांगितलं? मी! तोवर राणी साधी होती, एक खाल्लं की माणूस गप बसायचा. मी त्या लाल दिव्याखाली बसून बसून, काडीला पुन्हा पुन्हा भाजायला लावून, माझा हात जाईपर्यंत तिला नापास केलं होतं. आणि शेवटी हात गेला तेव्हा काडीने झडपेतून हात बाहेर काढून माझ्याशी हस्तांदोलन केलं होतं! माझा अख्ख्या गावात चांगला चाललेला धंदा माझ्याच घरात येऊन माझ्या पोरीला रडवतोय, आणि तिला वाटतंय, चूक तिची आहे. मला इतका राग आला, इतका राग आला, कुणावर काढू कळेना. उठलो, तुकड्याचा डबा उचलला आणि शेजारणीला देऊन आलो. ती म्हणाली, ‘अय्या, सगळा?’ म्हटलं, ‘सगळा. डब्यासकट. आणि परत द्यायला येऊ नका!’

चिमणीला म्हटलं, ‘चल. घेऊ जबाबदारी. दोघं मिळून घेऊ.’ ठरलं. घरात साखर बंद. चहा बिनसाखरेचा… अहो, तो पहिला घोट! मला वाटलं, कुणी तरी फडकं उकळून दिलंय. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा परत जायची भाषा काढली, म्हटलं, चला, एक फायदा झाला. कामावर मी अख्खं बिस्कीट खायचं सोडलं, एक कोपरा तोडायचा, तेवढाच. संध्याकाळी लेक आणि मी चालायला, ती पुढे, मी मागे धापा टाकत, रस्त्यात राणीचं दुकान आलं की दोघांनी मान फिरवायची आणि समोरच्या चपलांच्या दुकानाकडे बघायचं. तो चपलवाला रोज आशेने उठून उभा राहायचा. मला स्वप्नं पडायची बिस्किटांची! चिडचिड तर एवढी की ही म्हणाली, ‘तुम्ही जाड होतात तेव्हा माणसात होतात.’ पण विजार सैल झाली हो. पट्ट्याला नवीन भोक पाडलं, मग आणखी एक, शेवटी पट्टा कमी आणि भोकंच जास्त. चिमणी जिने चढून वर यायची ती गाणं म्हणत! लेक हसायला लागली, मला बाकी काय पाहिजे?

आणि इथे, तुम्हाला सांगतो, इथे खरी गडबड झाली. एक दिवस जेवताना मी गाजराचा तुकडा तोंडात टाकला आणि हिला विचारलं, ‘यात साखर घातलीस?’ ‘डोकं फिरलंय का? कच्चं गाजर आहे ते!’ दूध प्यालो… गोड! नुसतं दूध, वरून काही नाही, गोड! साधा ब्रेड चावला, गोड! मला वाटलं, झालं, काठावरची साखर तोंडात आली. चिमणीला विचारलं, तर ती म्हणते, ‘मला पण!’ मग कळलं, साखर कुठे वाढलेली नाही, आमच्या जिभा जाग्या झाल्यात. इतकी वर्षं माझ्या जिभेवर साखरेचा थर बसला होता, तो निघाला. मला इतका आनंद झाला, कारखान्याची सगळ्यात चांगली जीभ आणखी चांगली झाली म्हणून! कॉलर ताठ करून कामावर गेलो, लाल दिवा लावला, झडप वर, बशी आत. राणी. कड तोडली, चावली, गिळली… आणि खाडकन कुणी तरी थोबाडीत मारल्यासारखं झालं! एवढी साखर? एवढं मीठ? हाताकडे बघितलं. हात मांडीवर. हलेना! नापास.

काडीने दुसरा घाणा दिला. नापास. तिसरा, नापास. नवी पोती उघडली, लोणी बदललं, नापास, नापास! आता नियम काय? जिभेने पास केल्याशिवाय गाडी सुटत नाही. गाड्या दाराशी उभ्या, पट्टे थांबले, भट्ट्या थंड, पॅकिंगच्या बायका हात पुसत बाहेर येऊन विचारतायत, काय झालं, संप आहे का? माणसं धावली. साखरेचा काटा तपासला, बरोबर. मिक्सर तपासला, बरोबर. काडीला बिचाऱ्याला साहेबांनी उभं आडवं झापलं, ‘तू काय घातलंस त्यात?’ तो रडकुंडीला, ‘साहेब, रोजचंच घातलंय!’ मी ठाम. मी म्हटलं, ‘साहेब, माझी जीभ खोटं बोलत नाही, हे खाववत नाही.’ शेवटी काडीने स्वतः एक खाल्लं, दुसरं उचललं, तिसरं उचललं, आणि माझ्या पोटाकडे बघितलं. तिथेच त्याची ट्यूब पेटली. ‘साहेब,’ तो म्हणाला, ‘बिस्कीट तेच आहे. जीभ बदललीये.’

बोलावलं वर. केबिनमध्ये एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला आरोग्यबाई. आणि काय प्रसंग म्हणून सांगू! मी दारातून आत जातो तोच बाई टाळी वाजवत पुढे, ‘अभिनंदन! सगळ्या कारखान्यात सर्वांत जास्त वजन तुमचं उतरलं! आदर्श कर्मचारी!’ आणि हातात फुलांचा गुच्छ! आणि तिकडून साहेब टेबलावर मूठ आपटतायत, ‘अरे, काय करून ठेवलंस हे? माल सडतोय माझा!’ मी मध्ये उभा, गुच्छ घेऊन, कुणाकडे बघून हसू आणि कुणाकडे बघून मान खाली घालू? साहेब तसे हळू बोलतात, एकेक शब्द तोलून, तेच चिडले की जास्त भीती वाटते. म्हणाले, ‘हे बघा… जीभ… आम्हाला चांगली जीभ नकोय. आम्हाला… लोकांची जीभ पाहिजे.’ माझा भडका उडाला. मी म्हटलं, ‘साहेब, दारावर तुम्हीच लावलंत ना? मी घेतली जबाबदारी. माझ्या पोरीने घेतली. उद्या सगळ्यांनीच घेतली, तर सगळ्यांच्याच जिभा अशा होतील, मग ही राणी कोण खाणार?’

तुम्हाला वाटेल, ओशाळले असतील. छे! साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली, आणि पहिल्यांदाच माझ्याशी मित्रासारखे बोलले. ‘अहो, सगळे घेत नाहीत हो. घरी पोरं, डोक्यावर काम, दुकान कोपऱ्यावर. लोक ठरवतात, पण होत नाही. म्हणून तर कारखाना चाललाय. आणि यांचा पगारही.’ आणि बोट कुणाकडे? आरोग्यबाईंकडे! बाईंची टाळी अर्ध्यात राहिली. त्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या, खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. मला त्यांची दया आली, खरंच आली. हात तुमचा, तोंड तुमचं, जबाबदारी तुमची, आणि हे लिहिणाऱ्या हाताचा पगार राणीतून!

मग साहेबांनी मला निवड दिली. उदार माणूस! एक, पुन्हा गोड सुरू करा, जीभ होती तशी आणा, खुर्ची तुमची. दोन, आहात तसेच राहा आणि पॅकिंगला जा. मी घरी आलो. ही म्हणाली, ‘पगार थोडाच कमी होणार आहे, पॅकिंगला जा.’ मी चिमणीकडे बघितलं, ती काकडी खात अभ्यास करत होती, गुणगुणत. मी पुन्हा सुरू केलं असतं, तर चिमणीबरोबर कोण चाललं असतं? चपलांच्या दुकानाकडे मान फिरवली कुणी असती? एकट्या पोरीने अख्ख्या गावाशी भांडायचं? मी पॅकिंगला गेलो. पण वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. दुसऱ्या कशात मी हुशार नव्हतो, त्या एका खुर्चीत होतो. तिथे आता काडी बसतो. परवा दिसला, कमरेचा पट्टा सोडून हातात घेऊन चालला होता, म्हणाला, ‘साहेब, काम सोपं दिसत होतं हो बाहेरून.’

आणि आता मी काय करतो? तेवढं सांगतो आणि तुम्हाला सोडतो. आरोग्यबाईंनी त्या दिवसानंतर वरच्यांकडे हट्ट धरला म्हणे, पुड्यावर इशारा छापलाच पाहिजे. झाली मंजुरी! छापला! कुठे? पुड्याच्या मागे, खाली, जिथे कागद दुमडून चिकटवतात त्या घडीत. अक्षर केवढं? मुंगीला चष्मा लागेल एवढं. ‘विचार करून खा.’ पट्ट्यावरून पुडे येतात, आणि ती ओळ सरळ छापली आहे की नाही, पुसट तर झाली नाही ना, हे भिंग घेऊन बघायचं, ते माझं काम. दिवसभर तेच वाचतो. विचार करून खा, विचार करून खा, विचार करून खा… पुडा सरळ पुढे, खोक्यात, गाडीत, गावात. पोरं पुडा फाडतात ती त्या घडीवरूनच फाडतात, कोण वाचणार? अख्ख्या गावात ती ओळ रोज न चुकता वाचणारा माणूस मी एकटा… आणि मी तर बिस्कीट सोडलंय!